मन लावून खेळलेली आरपीजी शेवटाला येऊनच का फसते? (स्पॉयलर आहेत, जपून वाचा)

धुकं

मास इफेक्ट या अंतराळातल्या आरपीजीचे (आपलं पात्र घडवत, निर्णय घेत खेळायचा गेम) तिन्ही भाग लेजेंडरी एडिशनमध्ये सलग खेळून काल संपवले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. तिसरा भाग कुणाला खेळायचा असेल तर पुढे वाचू नका, सगळं उघड लिहिणार आहे.

आधीच सांगतो, शेवट दुःखी आहे अशी माझी तक्रार नाही. आपला नायक शेपर्ड मेला तरी चालेल, मला तर दुसऱ्या भागापासून वाटतच होतं की हा काही वाचत नाही. शास्त्रज्ञ मॉर्डिन क्रोगन लोकांच्या टुचांका ग्रहावर त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा मी कंट्रोलर बाजूला ठेवून नुसता बघत बसलो होतो. त्याहून दुःखी काय असणार, पण तिथे काहीच खटकलं नाही. जेनोफेज, म्हणजे क्रोगनांची पैदास खुंटवणारा रोग, ज्यानं सुधारून पुन्हा पसरवला तोच तो निस्तरायला जातोय, दुसरं काही होऊच शकलं नसतं असं वाटतं.

खटकलं ते असं. रॅनॉक ग्रहावर मी गेथ ही यंत्रं आणि त्यांना घडवणारे क्वेरियन यांच्यात समेट घडवून आणला. तो आपसूक होत नाही, दुसऱ्या भागात क्वेरियन सोबती टालीचा खटला नीट लढवावा लागतो, टाली आणि गेथ सोबती लीजन दोघंही जिवंत राहायला हवेत, तिसऱ्यात क्वेरियनांच्या एका ॲडमिरलला वाचवायचं का नाही यानेसुद्धा फरक पडतो, अशा बारीकसारीक गोष्टी जुळून आल्या तर तो पर्याय मिळतो. मग सुमारे ३०० वर्षांनी क्वेरियन लोक आपल्या ग्रहावर परततात आणि गेथ त्यांच्या सूटमध्ये शिरून त्यांची प्रतिकारशक्ती वाढवायला मदत करतात. टाली हे सांगते तेव्हा वाटलं, बास, या गेमने मला जे द्यायचं ते दिलं.

आणि मग शेवटी एक पारदर्शक पोरगा येतो आणि शांतपणे सांगतो की सजीव आणि यंत्रं यांचं कधीच जमत नाही, म्हणून रीपर ही महाकाय यंत्रं दर ५०,००० वर्षांनी सगळं साफ करतात. अरे पण आत्ताच तर जमवून आलोय ना मी! दोघांचीही जहाजं बाहेर आमच्याच बाजूने लढतायत! हे त्याला ठणकावून सांगायची सोयच नाही. तीन पर्याय समोर ठेवले, नाश, नियंत्रण किंवा मिश्रण, घे एक. तीन गेम ज्या शेपर्डला मी बोलायला शिकवलं तो नेमका इथे गप्प.

शिवाय पहिल्या भागात मी रॅक्नाय या किड्यांसारख्या जमातीच्या राणीला सोडलं होतं, केवढा विचार करून सोडलं होतं, तर तिसऱ्यात तिची एक मोहीम आणि मग वॉर ॲसेट म्हणजे जमवलेल्या लष्करी ताकदीच्या यादीत एक आकडा. शेवटच्या लढाईत ती सगळी जमवलेली माणसं दिसतील असं वाटलं होतं.

तर विचारायचं असं की हे फक्त याच गेमचं आहे का आरपीजी म्हटलं की असंच होतं? ज्यांनी टुचांका लिहिलं त्यांच्याच गेममध्ये असा शेवट कसा काय येतो? आणि तुमच्या मते कुठल्या गेमचा शेवट त्या गेमच्या तोलामोलाचा आहे, आणि नेमका कशामुळे?

तिसरी_घंटा

तू जो बघितलास तो दुरुस्त केलेला शेवट आहे रे. आम्ही मार्च २०१२ मध्ये जो खेळलो तो याहून उघडाबोडका होता. पर्याय निवडला की लाल, निळा किंवा हिरवा झोत, मास रिले (ताऱ्यांमधल्या प्रवासाची महाद्वारं) फुटतात, आपलं जहाज नॉर्मंडी पळताना दिसते, कुठल्यातरी जंगलात आदळते, दार उघडतं, क्रेडिट्स. संपलं.

आता यात गंमत बघ, दुसऱ्या भागाचं शेवटचं डीएलसी (नंतर आलेली जोडकथा) होतं अरायव्हल, २०११ चं, त्यात एक रिले फुटतो आणि त्यामुळे अख्खी सूर्यमाला खाक होते, तीन लाखांवर लोक मरतात. तो त्या डीएलसीचा गाभाच आहे. मग तिसऱ्या भागात आकाशगंगेतले सगळेच रिले फुटताना दाखवले तर आम्ही काय समजायचं? आम्ही समजलो की सगळे मेले, पृथ्वीसकट. बरं, लंडनमध्ये शेवटच्या धावेत जे दोघं माझ्या मागे होते तेच त्या जंगलात जहाजातून उतरताना दिसले. तिथे पोचले कसे, काही पत्ता नाही. लोक चिडले ते याच्यावर. नुसतं "आम्हाला गोड शेवट पाहिजे" असं म्हणणारे होते, नाही असं नाही, पण मला तरी तेवढंच नव्हतं.

तेव्हा गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसला तीन रंगांचे आयसिंग लावलेले ४०० च्या आसपास कपकेक पाठवले होते चाहत्यांनी, रंग तीन, आतली चव एकच. आणि त्याच चळवळीतून मुलांच्या हॉस्पिटलांना गेम पुरवणाऱ्या चाइल्ड्स प्ले या संस्थेसाठी ८०,००० डॉलरच्या वर निधीसुद्धा उभा राहिला, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

जून २०१२ मध्ये एक्स्टेंडेड कट फुकट दिला. रिले फुटत नाहीत तर खराब होतात, नॉर्मंडी खाली येऊन तुझ्या दोघांना घेऊन जाते, शेवटी चित्रं आणि निवेदन, आणि चौथा पर्याय, नकार. त्या पोराला गोळी घातलीस तरी तो नकारच धरला जातो. लेजेंडरीमध्ये हे सगळं आधीच घातलेलं आहे.

पण तुझा मूळ प्रश्न तिथेच राहिला ना. एक्स्टेंडेड कटने माहिती दिली, कोण वाचलं, कोण कुठे गेलं. शेपर्डला उत्तर द्यायची संधी मात्र दिली नाही. नकार दिलास तर सगळे हरतात आणि पुढच्या चक्रातले लोक आपली सोबती लियारा हिने ठेवलेल्या टाइम कॅप्सूलवरून शिकून जिंकतात. मला तो नकाराचा शेवट आवडतो खरं तर, निदान तिथे शेपर्ड शेपर्डसारखा बोलतो. पण "तुमचा शेवट नको असेल तर सगळे मरा" असा तो दरवाजा आहे, आणि ते मला आजही पटत नाही.

अर्धवट_क्वेस्ट

मी उलट बाजूने बोलते. मास इफेक्ट ३ चा शेवट म्हणजे तो अख्खा गेम आहे. शेवटची दहा मिनिटं म्हणजे शेवट असं धरलं तर निराशाच होणार.

तूच टुचांकाचं लिहिलंस ना, त्याचेच पदर बघ. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर क्रोगन सोबती रेक्स मेला असेल तर तिसऱ्यात क्रोगनांचा नेता म्हणून त्याच्या जागी रीव्ह येतो, आणि रीव्ह हा लढाईखोर माणूस. दुसऱ्या भागात मॉर्डिनचा शिष्य मेलॉन याचं जेनोफेजवरच्या उपायाचं संशोधन तू जपलंस तर ईव्ह ही क्रोगन स्त्री जगते, नष्ट केलंस तर ती मरते. आता रीव्ह नेता आहे आणि ईव्ह मेलीय अशा परिस्थितीत मॉर्डिनला तू पटवू शकतोस की ही क्रोगन मंडळी सध्या बरी करण्यासारखी नाहीत, आणि तो चक्क मागे फिरतो, जगतो. म्हणजे मॉर्डिन वाचायला क्रोगनांचं भविष्य बुडावं लागतं. पाच वर्षांच्या काळात आलेले तीन गेम, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले निर्णय एका लिफ्टच्या दारात येऊन भेटतात. याला मी शेवट म्हणते. असे शेवट त्या गेममध्ये बरेच आहेत, थेनचा हॉस्पिटलमधला, लीजनचा, गॅरससोबत सिटाडेलच्या छतावर बाटल्या फोडायचा नेम, तो तर नुसता निरोपच आहे.

सगळ्यांचे हिशोब आधीच चुकते झाल्यावर शेवटच्या मोहिमेकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं माझं मत. फक्त रीपर कशाला आले एवढं उरलं, आणि ते कुणालाही मुळात फार जाणून घ्यायचं नव्हतं. पहिल्या भागातला सॉव्हरिन हा रीपर म्हणतो की आम्ही तुमच्या समजण्यापलीकडचे आहोत, तेच भारी होतं. समजावून सांगितलं आणि ते लहान झालं.

सिटाडेल डीएलसी खेळलास का? मार्च २०१३ चं आहे, घरातली ती पार्टी. नसेल तर सर्बेरस या शत्रुसंघटनेच्या तळावर जायच्या आधीची सेव्ह उघड आणि खेळ. माझ्या डोक्यात गेम तिथे संपतो.

धुकं

खेळलो ना, पण मी ते मध्येच उरकलं होतं, शेवटासाठी राखून ठेवायला हवं होतं असं कुणी सांगितलंच नाही. तुझं म्हणणं बऱ्यापैकी पटतंय. पण मग एक उलटा प्रश्न येतो, सगळं आधी चुकतं केलं असेल तर शेवटी माझ्या पात्राने करायचं काय?

काळंमांजर

"शेवटी माझ्या पात्राने करायचं काय" हाच खरा प्रश्न आहे आणि बहुतेक गेम इथेच आपटतात. माझं म्हणणं सरळ आहे, आरपीजीचा शेवट चांगला कधी, तर जे पात्र मी घडवलं त्याच पात्राला त्याच्या पद्धतीने शेवट करू दिला तर. चोर असेल तर चोरासारखा, बोलका असेल तर बोलून. बाकी जग वाचलं का बुडालं ते दुय्यम.

सगळ्यात वाईट नमुना माझ्या मते फॉलआउट ३, २००८ चा मूळ गेम. शेवटी जेफरसन मेमोरियलमध्ये पाण्याचं यंत्र चालू करायचं असतं आणि त्या खोलीत एवढं रेडिएशन की आत जाणारा मरणार. आत तू जा नाहीतर सोबत लढणाऱ्या सारा लायन्सला पाठव. आता माझ्यासोबत होता फॉक्स, सुपर म्युटंट, त्याला रेडिएशनने काहीही होत नाही. आणि हे मी म्हणत नाही, गेमनेच दाखवलंय, व्हॉल्ट ८७ या भूमिगत आसऱ्यात रेडिएशनने भरलेल्या खोलीतून हाच फॉक्स मला जीईसीके हे यंत्र आणून देतो! तो शेवटी विचारल्यावर काय म्हणतो तर हे तुझं विधिलिखित आहे, मी त्यात पडणार नाही. दुसरा सोबती शॅरॉन घूल आहे, म्हणजे त्यालाही रेडिएशन बाधत नाही, त्याचंही तेच. आरएल-३ तर रोबॉट आहे, तरी नाही. लेखकाला बलिदान पाहिजे होतं म्हणून सगळ्यांनी एका सुरात नकार दिला. आणि त्यानंतर गेम बंद, फिरता येत नाही, एवढं मोठं उघडं जग आणि दार लावून घेतलं.

मे २००९ मध्ये ब्रोकन स्टील हे डीएलसी आलं तेव्हा दोन्ही दुरुस्त केलं, पुढे खेळता येतं आणि फॉक्सला आत पाठवता येतं. पण निवेदक तरीही शेवटी सुनावतो की खरा वीर दुसराच निघाला. म्हणजे शहाणपणाने वागलो म्हणून बोल लावला. मला अजून राग येतो त्याचा.

आता याच मालिकेतला १९९७ चा पहिला फॉलआउट घे. शेवटचा शत्रू मास्टर, सगळ्या माणसांचे म्युटंट करायला निघालेला. त्याला गोळ्या घालून मारता येतं. पण तू जर नीट चौकशी करत फिरला असशील आणि ब्रदरहुड या गटातल्या अभ्यासक व्रीकडून म्युटंटच्या शवविच्छेदनाची डिस्क घेतली असशील, तर त्याच्यासमोर उभं राहून सांगता येतं की तुझे म्युटंट वांझ आहेत, त्यांना पोरं होत नाहीत, तुझी जमात एका पिढीत संपणार आहे. तो आधी मानत नाही. पुरावा बघतो, आपल्याच लोकांना विचार म्हटल्यावर विचारतो, आणि मग खचतो आणि स्वतःच सगळं उडवून देतो. एकही गोळी नाही. मी खेळलो तेव्हा अंगावर काटा आला होता. कारण ते जिंकणं माझ्या पात्राचं होतं, वाचत, विचारत, लोकांशी बोलत फिरणाऱ्या माणसाचं. आपल्या व्हॉल्टपाशी परत आल्यावर तिथला प्रमुख, ओव्हरसियर, म्हणतो, तू बदललास, आता तुला व्हॉल्टमध्ये घेता येणार नाही. बापुड्यासारखा एकटा वाळवंटात चालत जातो आपला माणूस. दुःखीच आहे की हा शेवट! पण कुणाची तक्रार ऐकलीय का?

फॉलआउट न्यू व्हेगसनेही तेच केलं, हूव्हर डॅमवर शत्रूचा सेनापती लेगेट लेनियससमोर स्पीच, म्हणजे बोलण्याचं कौशल्य, १०० असेल तर त्याला पटवून परत पाठवता येतं. प्लेनस्केप टॉरमेंटमध्येही शेवटचा सामना बोलण्यावर जिंकता येतो.

याच्या बरोब्बर विरुद्ध व्हॅम्पायर ब्लडलाइन्स. अर्धा गेम मी गोड बोलून, मोह घालून, चोरपावलांनी पार केला, सगळे पॉइंट तिकडेच घातले. मग हॉलिवूडची गटारं येतात, संपता संपत नाहीत, आणि तिथून पुढे मारामारीच मारामारी, शेवटी ते भलंमोठं वटवाघूळ. माझं पात्र तिथे निरुपयोगी होतं. वाईट याचं वाटतं की कथेचा शेवट, ती शवपेटी उघडण्याचा प्रसंग, मी बघितलेल्या सगळ्यात चांगल्या शेवटांपैकी आहे, आणि तिथपर्यंत पोचायला गेमने मला माझ्याच पात्राची शिक्षा दिली.

रात्रीचं_बिल्ड

मी क्वेस्ट डिझाइनचं काम करतो, त्यामुळे "त्याच लोकांनी असं कसं केलं" या प्रश्नाला आतल्या बाजूने उत्तर देतो. स्टुडिओचं नाव विचारू नका.

पहिली गोष्ट, गेमचे पहिले तास सगळ्यात जास्त वेळा घडवले आणि मोडले जातात. ते दाखवायचे असतात, पैसे लावणाऱ्यांना, पत्रकारांना, सगळ्यांना. शेवट कुणाला दाखवायचा नसतो. टेस्टिंगलासुद्धा शेवटापर्यंत नैसर्गिकपणे खेळून पोचलेली सेव्ह मिळायला फार उशीर होतो, बरेचदा आम्ही मधली पानं खोटी भरून टेस्टरला थेट शेवटच्या मोहिमेत सोडतो. मग त्या माणसाला लढाई चालते का नाही ते कळतं, पण ६० तास खेळून आलेल्या माणसाला तिथे काय वाटेल ते त्याला कसं कळणार? तो भाव टेस्ट होतच नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि याच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

दुसरं म्हणजे फांद्या. दहा मोठे निर्णय आणि प्रत्येकाला दोन वाटा धरल्या तरी १,०२४ परिस्थिती होतात. मध्ये कुठेतरी त्या पुन्हा एकत्र आणाव्या लागतात, आणि शेवट ही अशी जागा आहे जिथे आता पुढे ढकलायला जागाच नाही. मास इफेक्टचे वॉर ॲसेट म्हणजे काय, तर सगळ्या फांद्या एका आकड्यात ओतल्या. बनवणाऱ्याच्या बाजूने मला ते समजतं. खेळणाऱ्याच्या बाजूने ते क्रूर आहे.

तिसरं, तारीख. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ हा याचा सगळ्यात दुखरा नमुना. ऑब्सिडियनचा पहिला गेम, दीड वर्षाच्याही आत बनवला आणि डिसेंबर २००४ ला बाहेर काढला. क्रिया हे पात्र म्हणजे स्टार वॉर्सवाल्या कुठल्याही गेममध्ये लिहिलेलं सगळ्यात खोल पात्र आहे माझ्या मते, पुण्य केलंस तरी ती विचारते की त्या भिकाऱ्याला पैसे देऊन तू त्याचं भलं केलंस का वाटोळं, आणि पुढचा प्रसंग दाखवून गप्प करते. अख्खा गेम तिच्यासोबत वाद घालत जातो. आणि मालाकोर या शेवटच्या ग्रहावर पोचलं की सोबती गायब. कोण कुठे गेलं सांगतच नाही. तो छोटा रिमोट आणि गो-टो हे दोन यंत्रमानव समोरासमोर येतात, गो-टो अडवतो, आणि तो प्रसंग तिथेच तुटतो, पुढे काय झालं ते गेममध्ये नाही. लिहिलेलं होतं, आवाज रेकॉर्ड केलेले होते, फाइली डिस्कवर पडून होत्या. चाहत्यांनी वर्षानुवर्षं बसून त्या जोडून काढल्या, रिस्टोअर्ड कंटेंट मॉड (चाहत्यांनी गेमला लावलेली जोड) म्हणतात त्याला. म्हणजे लेखक कमी पडले नव्हते, वेळ कमी पडला.

ड्रॅगन एज २ चंही तसंच, ओरिजिन्स नोव्हेंबर २००९ आणि दुसरा मार्च २०११, मध्ये १६ महिने. जादूगारांच्या बाजूने उभं राहा, त्यांचा नेता ओर्सिनो तरीही राक्षस होऊन तुझ्याच अंगावर येतो. जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्या टेम्पलरच्या बाजूने जा, तरी तेच. दोन्हीकडे टेम्पलरांची प्रमुख मेरेडिथशी लढायचंच. तीन अंक त्या एका शहराचा तिढा इतका सुंदर गुंफला आणि शेवटी बाजू निवडायला लावून दोन्ही बाजू सारख्याच करून टाकल्या.

आणि जे जमतं ते बरेचदा स्वस्तात जमतं, हेही सांगतो. पहिल्या फॉलआउटपासून चालत आलेली पद्धत, शेवटी प्रत्येक गावासाठी एक चित्र आणि दोन-चार वाक्यं. ॲनिमेशन नाही, काही नाही. पण ज्या गावात तू विहीर वाचवलीस त्याचं नाव घेतलं जातं. सायबरपंक २०७७ मध्ये क्रेडिट्स चालू असताना सोबत्यांचे व्हिडिओ मेसेज येतात, तू काय निवडलंस त्यावर कोण काय बोलतं ते ठरतं. एवढ्याशा गोष्टीने तो शेवट माझ्यासाठी उभा राहिला. शेवटच्या चार महिन्यांत मला कुणी विचारलं की मोठा बॉस हवा का ही चित्रं हवीत, तर मी दर वेळी चित्रं मागेन. आम्हाला मात्र दर वेळी बॉस मिळाला.

काळंमांजर

ओर्सिनोचं वाचून जखम ताजी झाली. तीन अंक जादूगारांसाठी भांडलो होतो मी.

सातवा_फासा

विचर ३ चं नाव अजून कसं नाही आलं? नायक गेराल्टची मानलेली मुलगी सिरी, तिचा शेवट ज्या गोष्टींवरून ठरतो त्यात तलवार कुठेच नाही. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलास का "बस दारू पिऊ" म्हणालास. लॉजच्या जादूगारणींसमोर तिला एकटीला जाऊ दिलंस का मागे मागे गेलास. अव्हॅलाखच्या प्रयोगशाळेत तिला राग काढू दिलास का नाही. स्कायॉलच्या कबरीपाशी तिच्यासोबत गेलास का. बाप म्हणून तू कसा वागलास यावर पोरगी परत येते का नाही ते ठरतं. मला याहून नेमका शेवट आठवत नाही.

तिसरी_घंटा

नेमका आहे, पण आगाऊ काहीच कळत नाही ही तक्रार रास्तच आहे ना. बर्फाचा गोळा फेकला नाही म्हणून मुलगी गेली, असं खूप जणांना वाटलं. शिवाय त्याच गेममध्ये राजा राडोविडच्या खुनाच्या कटानंतर हेर डाइकस्ट्रा जे करतो ते बघ. अख्खा गेम तो सगळ्यात हुशार माणूस, आणि शेवटी गेराल्टसमोर उभा राहून म्हणतो की मी आता तुझ्या मित्रांना मारणार, तू बाजूला हो. गेराल्टला कोण ओळखत नाही? तो प्रसंग घाईत उरकलाय, सरळ दिसतं.

सातवा_फासा

डाइकस्ट्राचं मान्य, तिथे काही बोलता येत नाही. पण सिरीचं नाही मान्य. एका गोळ्याने काही ठरत नाही, असे पाच निर्णय आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त चुकले तरच ती जाते. आणि आगाऊ कळलं असतं तर सगळ्यांनी बरोबर तेवढंच केलं असतं, मग तो बाप कसला.

आणि नवीन गेममध्ये बाल्डर्स गेट ३. ऑगस्ट २०२३ ला आला तेव्हा शेवट एकदम तुटका होता. शेवटचा शत्रू, तो अवाढव्य मेंदू, त्याला हरवलं, धक्क्यावर दोन-चार वाक्यं, आपली सोबती कारलाख तिथेच जळून जाते, पडदा. १०० तास ज्यांच्यासोबत तंबूत काढले त्यांचा धड निरोप नाही. लोक बोलले, आणि गेम बनवणाऱ्या लारियनने ऐकलं. महिन्याभरातच कारलाखसोबत अव्हर्नसला, म्हणजे नरकात, जायचा प्रसंग वाढवला, आणि नोव्हेंबरमधल्या पाचव्या पॅचमध्ये सहा महिन्यांनंतरची मेजवानी घातली, तंबूत असणारा विदर्स सगळ्यांना बोलावतो, आणि तू एकेकापाशी जाऊन बसून बोलू शकतोस. लढाई नाही, लूट नाही. मी तिथे किती वेळ घालवला सांगता येणार नाही, उठवतच नव्हतं. हे फुकट दिलं हेही महत्त्वाचं, कारण ड्रॅगन एज इन्क्विझिशनचा खरा शेवट ट्रेसपासरमध्ये आहे आणि ते वेगळं विकत घ्यावं लागलं. खलनायक कॉरिफियसशी ती शेवटची लढाई आणि मग सोबती सोलासचा खरा बेत काय हे बघायला पुन्हा पैसे. गेम कितीही आवडता असला तरी हे बरोबर नाही.

अर्धवट_क्वेस्ट

ड्रॅगन एज ओरिजिन्सचा एक शेवट सांगते आणि थांबते. आपलं पात्र, वॉर्डन, बाई आहे, सोबती ॲलिस्टरशी प्रेम आहे, जीव वाचवणारा मॉरिगनचा तो विधी नाकारलाय, आणि शेवटच्या लढाईला ॲलिस्टरला सोबत नेलंय. आर्चडेमन या मुख्य शत्रूला शेवटचा घाव घालणारा मरणार हे दोघांनाही माहीत असतं. तू पुढे व्हायला जातेस तर तो तुला थांबवतो आणि स्वतः धावतो. कितीही समजावलं तरी ऐकत नाही. इथे माझा पर्याय गेमने काढून घेतला, तरी मला राग आला नाही, कारण तो ज्याने काढून घेतला त्याला तसं प्रेम करायला मीच भाग पाडलं होतं. धुकं, तुझ्या त्या पारदर्शक पोराने, कॅटलिस्टने, पर्याय काढून घेतला आणि ॲलिस्टरनेही काढून घेतला, पण एकाला मी अख्खा गेम ओळखत होते आणि दुसरा शेवटच्या पाच मिनिटांत आला.

धुकं

हे वाचून आता कळतंय मला काय खुपत होतं ते. अनोळखी माणसाने येऊन हिशोब केला.

पुढचा गेम ठरवला, ओल्ड रिपब्लिक २. पीसीवर आहे माझ्याकडे, मागे कधीतरी पहिला ग्रह खेळून सोडलेला. ते मॉड त्याच सेव्हवर टाकलं तर चालेल का? आणि पहिला भाग खेळलाच पाहिजे का आधी?

रात्रीचं_बिल्ड

जुन्या सेव्हवर नको, नव्याने सुरू कर, नाहीतर मध्ये प्रसंग अडकतात. स्टीमवर असेल तर वर्कशॉपमध्ये मिळतं, पण बाकीचीही मॉड लावणार असशील तर हाताने टाकलेलं बरं. एम४-७८ नावाचा यंत्रमानवांचा ग्रह वेगळ्या मॉडमध्ये आहे, तो पहिल्या वेळी लावू नकोस, लांबण लागते आणि क्रियाचा धागा सुटतो.

पहिला भाग आधी खेळच. क्रिया ज्याच्याबद्दल सारखी बोलते तो रेव्हन तूच असतोस तिथे, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला सोबती ॲटन विचारतो रेव्हनबद्दल, तिथे नीट उत्तरं दे, त्यावरून गेम पुढचं जग ठरवतो. मालाकोरला पोचलास की इथे येऊन लिही, सोबत्यांचे ते जोडलेले प्रसंग तुला कसे वाटले ते मला खरंच वाचायचंय.